तिच्या जागी कोण बसलं? एका गटप्रवर्तकाचं प्रकरण

गेली काही वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गटप्रवर्तकांबरोबर काम करते आहे. गटप्रवर्तक म्हणजे वीस-पंचवीस आशांच्या, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, पाठीशी असलेली बाई. आशांच्या डायऱ्या तपासायच्या, त्यांच्याबरोबर घरभेटींना जायचं, अडेल तिथे शिकवायचं, आणि कुणी खचली तर तिला पुन्हा कामाला उभं करायचं, हे सगळं तिच्याकडे. ‘कोचिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहावीचा क्लास येतो. मी तो शब्द या शेवटच्या कामासाठी वापरते: दुसऱ्या माणसाला तिच्या कामात उभं करणं.

या बायकांना मी समुपदेशनाची तोंडओळख करून देते. पहिल्या दिवसापासून एक वाक्य ठासून सांगायचे, ‘स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा.’ ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ हे सगळ्यांना पाठच असतं, त्यामुळे वाक्य लगेच पटायचं. पुढे जे लिहिते आहे ते घडलं आणि मी ते वाक्य सांगणं सोडलं. हेच वाक्य शिकवणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते.

दोघींची लिहायला परवानगी आहे. नावं देत नाही. गटप्रवर्तक ती थोरली, आशा ती धाकटी.

जुलै

गाव दाभोळ खाडीच्या दक्षिण अंगाला, चार वाड्यांचं. एका वाडीतून दुसरीत जायचं तर जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढायच्या-उतरायच्या. पावसात त्यांवर शेवाळ धरतं, हातात काठी लागते. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. घरी म्हातारी माणसं, सुना आणि पोरं. धाकटी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, आशा म्हणून तिसरं वर्ष. हुशार, चटपटीत. पाखाडीवरून तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती.

लावणीचे दिवस होते. वरच्या वाडीतल्या एका पहिलटकरणीला मुलगा झाला, वजन २ किलो १०० ग्रॅम. चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. सातव्या दिवसाच्या भेटीला धाकटी दुपारी तीनच्या सुमारास गेली. बाळ दूध ओढत होतं, पण दोन-चार घोटांत दमून झोपत होतं. पावलं हाताला गार लागली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी घट्ट धरून वरून पांघरूण घालायला तिने सांगितलं, आणि आजच दवाखान्यात न्या म्हणाली. सासू म्हणाली, ‘एवढ्या पावसात? उद्या सकाळी बघू गो.’ धाकटीने आणखी एकदा सांगितलं आणि निघाली. तिच्या शेतात त्या दिवशी लावणीला माणसं होती, त्यांचा चहा व्हायचा होता. पहाटे चारला त्या घरातून फोन आला. रुग्णवाहिका खालच्या रस्त्याला लागेपर्यंत बाळ गेलं होतं.

या घरभेटींचं मोल काय, ते आपल्या राज्यातच सिद्ध झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरल्याचं त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. सगळ्या भेटी झाल्या की आशेला २५० रुपये. प्रत्येक भेटीत ताप बघायचा, वजन करायचं, अंगावर कसं पितंय ते समोर बसून पाहायचं, आणि आईचीही तपासणी करायची. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरली धावून गेली

थोरली पंचेचाळिशीची. चौदा वर्षांचा अनुभव, आणि माया अशी की आशा तिला घरच्या अडचणीही सांगतात. बातमी कळताच ती दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पडवीत हजर झाली.

‘मी तिला जवळ घेतलं, आणि मलाच हुंदका आवरेना,’ असं तिने मला नंतर सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिचं स्वतःचं मूल पोटातच गेलं होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. धाकटीलाही नव्हतं, त्या दिवशी कळलं. थोरली रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘तुझी काही चूक नाही गो बाय. काही चूक नाही.’

पंधरा दिवसांत ती तीनदा गेली. रात्री फोन करायची. दर वेळी तेच. शेवटच्या खेपेला धाकटीने उठून तिला पाणी दिलं, चहा टाकला आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही नका रडू. माझं मी बघते.’

त्याच महिन्याच्या बैठकीत थोरलीने हे सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ‘याला म्हणतात समानुभूती,’ असं मी म्हटलं. माझे ते शब्द मला आजही टोचतात. चहा कुणी कुणाला करून दिला, हे मी ऐकलं होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये धाकटीने थोरलीचे फोन उचलणं कमी केलं. ‘रेंज नव्हती ताई.’ आमच्या भागात रेंज जातेच, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. डायरी मात्र वेळेवर यायची, सगळे रकाने भरलेले. थोरलीने सह्या केल्या.

डायरी

सप्टेंबरची बैठक संपली, बाकीच्या एसटी गाठायला पळाल्या, थोरली थांबली. पिशवीतून डायरी काढून तिने माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवली, काही न बोलता.

वेगवेगळ्या वाड्यांतली दोन बाळं. एक जन्मतः २ किलो ५००, दुसरं २ किलो ४००. चौदाव्या दिवशी दोघांचं वजन २.६. एकविसाव्या दिवशी दोघांचं २.८. एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं सरळ अक्षर.

‘हे तुला कधी दिसलं?’ मी विचारलं.

‘दिसलं होतं. तिच्या पडवीत वजनकाटा खुंटीला होता. झोळीच्या घडीवर बुरशी आली होती. पावसाळ्यात दोन आठवडे कापड उघडलं नाही की येते तशी.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘पण तिच्या मनाची काय अवस्था असेल ते मला कळत होतं. मला माझं आठवत होतं. म्हणून सही केली.’

या एका उत्तरात सगळं प्रकरण आहे. थोरलीच्या मायेत खोट नव्हती. पण ती माया एकाच माणसावर खिळली होती, आणि त्या माणसातही तिला स्वतःचंच दुःख दिसत होतं. ज्या दोन बाळांना कुणी तोललं नव्हतं, ती तिच्या नजरेतून निसटली. धाकटी भेटीला न जाता ‘भेट दिली’ लिहीत होती, ते २५० रुपयांसाठी नाही. लहान बाळाच्या घराच्या उंबऱ्याशी तिचे पाय थिजत होते, आणि हे जिला सांगावं ती ऐकताच रडणार, हे तिला माहीत झालं होतं.

मी विचारलं, ‘तू तिच्याकडे जातेस तेव्हा तिला बोलायला किती वेळ मिळतो?’

थोरली बराच वेळ गप्प राहिली. ‘मिळतच नाही,’ म्हणाली. ‘मीच तिच्या जागी बसते.’

जागा कुणाची

मी घरी येऊन वाचायला बसले. जे सापडलं ते नवं नव्हतं, माझ्याच नजरेतून सुटलेलं होतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग १९९७ साली छापून आला. विद्यार्थ्यांना संकटात सापडलेल्या एका तरुणीची मुलाखत ऐकवली. काहींना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. काहींना सांगितलं, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा. कणव दोन्ही गटांना वाटली. दुसऱ्या गटाला त्याबरोबर स्वतःचीही घालमेल झाली. आणि माणूस आपल्या घालमेलीत सापडला की आधी ती शमवायला बघतो. माझं लाडकं वाक्य या दुसऱ्या गटातलं होतं.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ सालीच सांगून ठेवलं होतं की दुसऱ्याचं जग आपलंच असल्यासारखं अनुभवावं, पण त्यातलं ‘जणू’ कधी सुटू देऊ नये. मी शिकवताना हा ‘जणू’ गाळला होता.

जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत टानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी पुढचं पाऊल टाकलं. लोकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप व्हायला शिकवलं. दुःखाची दृश्यं पाहताना त्यांचा स्वतःचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना करुणेचा सराव दिला, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा जाणीवपूर्वक मनात धरण्याचा. त्रास उतरला, मायेची ऊब वाढली, आणि मेंदूतली कामाला लागणारी केंद्रंही वेगळी निघाली. म्हणजे समानुभूतीचं प्रमाण वाढवलं की करुणा आपोआप येते, असं नाही. दोन्ही वेगळ्या शिकाव्या लागतात.

आमच्याकडे ‘समानुभूती’ हा शब्द कुणी बोलत नाही. बायका म्हणतात, ‘मला तिचं कळतं.’ आणि करुणेला म्हणतात ‘कळवळा’. कळणं आणि कळवळा. मला हे दोन शब्द पुस्तकी शब्दांपेक्षा जास्त कामाचे वाटतात. कळलं नाही तर दार उघडत नाही. पण कळवळ्यात पुढचा प्रश्न असतो, हिच्या भल्यासाठी आता काय करायचं? आणि भलं म्हणजे नेहमी बरं वाटणं नव्हे. ‘तुझी काही चूक नाही’ ऐकून धाकटीला बरं वाटावं, ही थोरलीची धडपड होती. धाकटीला मात्र ठाऊक होतं की दुपारी तीन ते पहाटे चार असे तेरा तास मध्ये गेले होते. तिच्या मनात जे घोळत होतं ते तोंडावर येण्याआधीच थोरली ते पुसून टाकत होती.

पुन्हा पडवीत

आम्ही दोघींनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या. थोरलीने जाण्याआधी आपलं रडणं माझ्याजवळ मोकळं करायचं, त्या पडवीत नाही. धाकटीला धीराचं एकही वाक्य द्यायचं नाही, आधी सगळं ऐकायचं. आणि बोलणं कसंही झालं तरी त्याच दिवशी दोघींनी मिळून एका बाळाच्या घरी जायचं.

पहिली गोष्ट सर्वांत अवघड गेली. थोरली माझ्यासमोर दोन तास बसली. एकोणीस वर्षांत त्या मुलाबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. मुलगी होती की मुलगा, हेही नाही. मी विचारलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

मग ती गेली. पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि ते जुळतं.

थोरली म्हणाली, ‘त्या दिवशी दुपारपासून काय काय झालं ते मला क्रमाने सांग. मी मध्ये बोलणार नाही.’ धाकटी बोलत गेली. गार पावलं, सासू, पाऊस, लावणीची माणसं, चहा. चहापाशी येऊन थांबली. ‘मी सांगितलं आणि निघाले. मला घाई होती, ताई.’

थोरलीच्या ओठांवर जुनं वाक्य आलं होतं. तिने ते गिळलं. पाऊस पागोळ्यांवरून पडत होता, तेवढाच आवाज. मग ती म्हणाली, ‘हो. तू थांबली असतीस तर गाडीला फोन संध्याकाळीच झाला असता. त्याने बाळ वाचलं असतं का, हे मला सांगता येणार नाही, तुलाही नाही. पण फोन झाला असता.’

धाकटी रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर रडली, कारण या वेळी समोरची बाई बसल्या जागी स्थिर होती. थोरलीने तिचा हात धरून ठेवला. नंतर तिने विचारलं, ‘पुन्हा असं घर आलं तर काय करशील?’ धाकटी म्हणाली, ‘फोन मी लावीन. आणि गाडी येईपर्यंत उठणार नाही.’ हे उत्तर तिचं तिने काढलं. थोरलीने आयतं दिलं असतं तर ते डायरीत राहिलं असतं.

मग झोळी धुतली, चुलीजवळ वाळवली, काटा घेतला आणि दोघी वरच्या वाडीला निघाल्या. वाटेत काटा थोरलीच्या हातात होता. त्या घरात अठ्ठाविसावा दिवस होता. धाकटीने साबणाने हात धुतले, बाळाला झोळीत ठेवलं, आकडा उचलला. तिचा हात इतका कापत होता की काटा ठरेना. थोरलीने खालून तिच्या कोपराला नुसता आधार दिला, काटा स्वतःच्या हातात घेतला नाही. मला या कथेत सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते कोपराखालचं बोट. काटा ठरला तो अडीचच्या रेघेच्या जेमतेम पुढे. डायरीत सात दिवसांपूर्वी २.८ लिहिलेलं होतं.

चार आठवड्यांत बाळाने जवळपास काहीच वजन घेतलं नव्हतं. आईची पाजण्याची पद्धत चुकत होती, बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जात होतं. त्याच दुपारी बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे आजार काही निघाला नाही. पाजणं सुधारलं, तशी वजनाने चढती धरली. पण आजार निघाला असता तर, हा प्रश्न त्या रात्री आम्हा तिघींना झोपू देत नव्हता.

डॉक्टरांना सांगायचं का

इथे माझा आणि थोरलीचा मतभेद झाला. मला वाटत होतं, मुलगी आत्ता कुठे उभी राहते आहे, खोट्या नोंदींचं आपल्यातच ठेवावं. थोरली म्हणाली, ‘पुन्हा मी सहीच करते आहे मग.’ ती बरोबर होती.

तिने धाकटीला आधी सांगितलं, ‘हे मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगणार आहे. माझ्या सह्यांसकट. तू बरोबर ये.’ धाकटी गेली. खोट्या नोंदींवर एकेक आडवी रेघ मारून, बाजूला खरं लिहून, तारीख घालून दोघींनी सही केली. धाकटीला लेखी समज मिळाली, थोरलीलाही. त्या भेटींचे पैसे गेले. धाकटी तीन आठवडे थोरलीशी कामापुरतंच बोलली. थोरलीने त्या तीन आठवड्यांत तिला मनवायला फोन केला नाही, पण ठरलेली एकही घरभेट चुकवली नाही. दर बुधवारी सकाळी साडेनऊला ती पाखाडीच्या तळाशी उभी असायची.

हे लिहिताना सोपं दिसतं. समोरचीचा राग आपल्यावर आहे हे माहीत असताना तिच्या शेजारी चालणं मला आजही कठीण जातं.

राहिलेलं घर

एक घर मात्र राहिलं होतं. जिचं बाळ गेलं ती आई. बाळ गेल्यावर भेटी संपल्या असं सगळ्यांनी धरलं होतं. धाकटीने, थोरलीने, मीही. मगाशी म्हटलं ना, प्रत्येक भेटीत आईचीही तपासणी असते.

ऑक्टोबरात भातकापणी सुरू होण्याआधी धाकटी एकटीच तिकडे गेली. थोरलीने विचारलं होतं, ‘मी येऊ?’ ती नको म्हणाली. ती आई खळ्यात बसली होती. धाकटी शेजारी बसली. बऱ्याच वेळाने ती मुलगी म्हणाली, ‘तू आली नाहीस. माझी छाती दगड झाली होती. ताप भरला. कुणाला विचारू?’

बाळ गेलं तरी दूध थांबत नाही, हे आम्हा तिघींना माहीत होतं. थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, दुखलं तर थोडंसं पिळून काढायचं, छाती घट्ट बांधायची नाही, ताप आला तर दवाखान्यात यायचं. पाच मिनिटांचं सांगणं. ती पाच मिनिटं त्या घराला मिळाली नाहीत, कारण आम्ही तिघी आपापल्या दुःखाची आणि एकमेकींची समजूत काढण्यात गुंतलो होतो.

धाकटीने तिला काय उत्तर दिलं ते मी विचारलं. म्हणाली, ‘काही नाही दिलं. चुकलं म्हटलं. मग तिचं ब्लड प्रेशर बघितलं, पाळी आली का विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. गेले.’

पुढच्या पावसात

मी आता प्रशिक्षणात सांगते, तिला काय वाटतंय ते तिच्या तोंडून ऐका, आणि तुम्ही तुमच्या जागीच बसून राहा. एका गटप्रवर्तकाने विचारलं होतं, मग रडूच नये का? रडावं. थोरलीही रडते. आता ती आधी मला फोन करते.

पुढच्या जुलैत, खालच्या वाडीत, पाचव्या दिवसाचं बाळ. ठरलेली भेट नव्हती, धाकटी वाटेवरून जाताना डोकावली होती. बाळ निपचित, दूध ओढेना. घरचे म्हणाले, सकाळी नेतो. तिने स्वतः १०८ ला फोन लावला, बाळाला आईच्या छातीशी बांधलं आणि पडवीत ठाण मांडून बसली. मग थोरलीला फोन केला. आवाज कापत होता. ‘ताई, पावलं गार आहेत.’

थोरली सांगते, तेव्हा तिच्या पोटात खड्डा पडला होता. ती म्हणाली, ‘बरं. मी फोनवर आहे. गाडी कुठवर आली?’